हात फिरवलेले फोटो

दुपारी दोघी एकाच वेळी झोपल्या तर मला तासभर मिळतो. एक झोपली आणि दुसरी छताकडे बघत गाणी म्हणत पडून राहिली, तर तो तास गेलाच म्हणून समजायचं. त्या आठवड्यात मात्र माझं नशीब जोरावर होतं. दोघी जेवल्या की गाढ झोपायच्या आणि मी जेवणाच्या टेबलाच्या माझ्या टोकाला जाऊन बसायची. माझ्या टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला जेवण आणि मधल्या भागात जोडीदार न सापडलेला एक मोजा, अशी आमच्या टेबलाची वाटणी आहे.

मी एका फोटो स्टुडिओसाठी घरून काम करते. लग्नाचे, वाढदिवसाचे फोटो येतात, त्यांतल्या चेहऱ्यांवर मी हात फिरवते. आमच्या धंद्यातला शब्दच तो. स्टुडिओचे मालक फोनवर एवढंच म्हणतात, ‘जरा हात फिरवा’, की मला कळतं: नवरदेवाच्या नाकावरची पुळी, कोणाचं तरी दाढी करताना कापलेलं, आत्याबाईंच्या डोळ्यांखालचं जागरण. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नियम शिकवला होता. जे कायमचं आहे ते ठेवायचं, जे चार दिवसांत जाणार आहे ते पुसायचं. तीळ राहतो, पुळी जाते. एकदा मी घाईघाईत एका नवरीच्या हनुवटीवरचा तीळ पुसला, तर तिच्या आईने सगळा अल्बम परत पाठवला. ही आमची मुलगी नव्हे, म्हणाली. तेव्हापासून तो नियम माझ्या बोटांत बसलाय.

तर झालं असं, की कॉम्प्युटर भरला. स्टुडिओतून नवीन लग्न आलं आणि ठेवायला जागा नाही. नवऱ्याने मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाला की या बाईकडे एकाच पायाचे शंभर फोटो आहेत, आणि तो पाय कोणाचा ते विचारू नये. त्याला हसू येत होतं. मला येत नव्हतं, कारण घरातल्या फोटोंना कात्री लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्यात बालवर्गातल्या बाईंनी प्रत्येक मुलाचा तान्हेपणीचा एकेक फोटो मागवला होता. ते भिंतीवर लावायचे आणि मुलांनी एकमेकांना ओळखायचं, असा खेळ. आमच्या दोघी दुसरं काही बोलतच नव्हत्या.

दोघी म्हणजे ठिपकी आणि गोटी. जुळ्या, आणि एकीला झाकावं दुसरीला काढावं अशा. ही टोपणनावं सासूबाईंनी ठेवलेली. गोटी डोळ्यांमुळे. ठिपकी जन्मली तेव्हा तिच्या डाव्या भुवईखाली एक लाल ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, आपोआप जाईल, आणि चालायला लागेपर्यंत तो गेलासुद्धा. नाव तेवढं मागे राहिलं. आता चार वर्षांच्या होतील. आता मी त्यांना पाठमोऱ्या ओळखते, खोकल्यावरून ओळखते, पेला टेबलावर कसा ठेवला त्याच्या आवाजावरून ओळखते. पण तान्ह्या बाळाला चाल नसते आणि फोटोत खोकला ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट. पहिले काही आठवडे ठिपकी दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. गोटी आमच्याबरोबर घरी आली. त्यामुळे सुरुवातीचे फोटो गोटीचे, ढिगाने, ठिपकीचा एकही नाही; पेटीजवळ फोटो काढू देत नसत. हे मला कायम सलत आलंय. म्हणून मी ठरवलं होतं की साफसफाई करायचीच आहे, तर नीट करू. दोघींचे वेगळे अल्बम करू, आणि ठिपकीचा गोटीपेक्षा पातळ दिसणार नाही असं बघू.

मी तीन फोल्डर केले: ठेवायचे, सुधारायचे, उडवायचे. हललेले, अंधारे, डोळे मिटलेले, डोकं कापलेले, सगळे उडवायच्यात. बरे होते ते सुधारायच्यात. तान्ह्या बाळांची कातडी लालेलाल असते, फोटोत तर भाजल्यासारखी दिसते. माझ्याकडे स्टुडिओच्या कामासाठी केलेली एक सेटिंग आहे, ती लाली उतरवते. पहिल्या फोटोवर लावून पाहिली. बाळ कसं लोण्यासारखं झालं. भुवईखालचा ठिपकाही गेला. तिथे क्षणभर माझा हात थांबला, हे मला चांगलं आठवतंय. मग बोटांनीच उत्तर दिलं: जाणारी गोष्ट होती, गेलीसुद्धा. आणि मी ती सेटिंग सगळ्या फोटोंवर एकदम चालवली, त्याच नावाने साठवले, त्यात जुन्या तारखाही गेल्या, आणि जागा हवी म्हणून कचरापेटीही रिकामी केली. कॉम्प्युटरने मोठा श्वास सोडल्यासारखं वाटलं. मीपण सोडला.

दोघी उठल्या. केस विस्कटलेले, गालांवर उशीच्या वळ्या. मी एकीला डाव्या मांडीवर घेतलं, एकीला उजव्या, आणि कौतुकाने तो फोटो उघडला. पहिल्या हसण्याचा. बाळ टॉवेलवर पडलंय, पिवळी टोपी डोळ्यांपर्यंत सरकलीय आणि दात नसलेलं तोंड भरून हसतंय. आमच्या सगळ्या फोटोंतला हा राजा.

“ही मी की ती?” गोटीने विचारलं.

मी सवयीने भुवईखाली बघितलं. दुसरा फोटो उघडला. तिसरा. सगळ्या भुवया स्वच्छ. दोन बाळं होती की एकाच बाळाचे एवढे फोटो होते, ते कोणाला सांगता आलं नसतं.

“मी,” ठिपकी म्हणाली.

“नाही, मी,” गोटी म्हणाली, आणि माझ्या मांडीवरच हाणामारी सुरू झाली.

संध्याकाळी नवरा आल्यावर त्याला सांगितलं. त्याने जुना फोन बदलताना सगळे फोटो याच कॉम्प्युटरवर टाकले होते, म्हणजे तिकडेही काही नाही. पण तो डगमगला नाही. म्हणाला, सोपं आहे, ठिपकीला आपण कायम खिडकीच्या बाजूला झोपवायचो. हे खरं होतं. आम्ही फोटो बघायला लागलो. काहींत खिडकी उजवीकडे होती, काहींत डावीकडे, कारण हा मधेच पलंगाच्या पलीकडे जाऊन फोटो काढायचा. बऱ्याच फोटोंत खिडकीच नव्हती, नुसती चादर होती. मग त्याने बोटांनी हवेत पलंग काढला, स्वतः त्याच्या भोवती फिरला आणि शेवटी आपण नक्की कुठे उभे आहोत तेच त्याला कळेना.

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांना आमची कीव आली. त्यांनी दोन टोप्या विणल्या होत्या, पिवळी ठिपकीची आणि हिरवी गोटीची. एवढं साधं कसं सुचत नाही तुम्हाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हसणारी ती ठिपकी, विषय संपला.

त्या दिवसांत टोपी जी वाळलेली असेल ती, जिचं डोकं उघडं असेल तिला, असा माझा कारभार होता. ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची ही वेळ नव्हती.

माझ्या चेहऱ्याकडे बघून नवरा म्हणाला, “अगं, लाव कुठलाही. दोघी आपल्याच तर आहेत.”

“आपल्यासाठी दोघी आपल्याच,” मी म्हटलं. “त्यांच्यासाठी तसं नाहीये. एकीला दुसरीचं हसू देऊन टाकायचं, आणि तिला आयुष्यभर माहीतच नाही?”

सासूबाईंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं आणि हात पुसून आपला फोन आणला.

आता या फोनचंही सांगायला हवं. मागच्याच रविवारी तो चालेनासा झाला म्हणून मी साफ केला होता. आम्ही त्यांना पाठवलेले नातींचे सगळे फोटो मी त्यातून काढून टाकले, कॉम्प्युटरवर आहेतच की म्हणून. राहिले होते ते त्यांनी स्वतः काढलेले. तेही मी उडवणार होते, कारण त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं: पंखा, स्वतःची पावलं, अर्धं बाळ, अंगठा. पण त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला होता. माझे मी बघीन, म्हणाल्या होत्या, जरा घुश्शातच.

आता टेबलावरचा मोजा सरकवून आम्ही तिघं त्या फोनवर वाकलो. पंखा. पावलं. पंखा. मग एक फोटो आला, त्यात अर्ध्या भागावर सासूबाईंच्या अंगठ्याची गुलाबी सावली, आणि उरलेल्या अर्ध्यात एक डोळा, एक गाल, आणि भुवईखाली तो. लाल, ठसठशीत. मला एकदम दवाखान्यातल्या साबणाचा वास आला.

“हीच ती,” सासूबाई म्हणाल्या. “आणि बघ, टोपी पिवळी.”

पुढचा फोटो त्याच दिवसाचा, त्याच टॉवेलवरचा, पहिल्या हसण्याच्याच दिवसाचा. त्यात एक बाळ शिंकतंय, सगळं हललेलं, आणि शेजारी कडेला दुसरीचं कपाळ आणि डोळा आलाय, ठिपक्यासकट. म्हणजे शिंकणारी ती गोटी, शंकाच नाही. पिवळी टोपी तिच्याच डोक्यावर होती.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. परत पाहिलं.

“म्हणजे माझ्या टोप्या…”

“वाळायच्या नाहीत, आई,” मी म्हटलं.

मग त्यांना हसू फुटलं, इतकं की डोळ्यांना पदर लावावा लागला. चार वर्षं मी बायकांना सांगतेय फोटोत टोपीवरून ओळखा म्हणून, असं काहीतरी त्या हसण्यातच म्हणाल्या. नवरा मात्र अजून टोपीचा हिशेब लावत होता: आधी हिने घातली, मग तिने, मग हसणारी कोण, आधीची की नंतरची? मी त्याला पाणी दिलं.

त्या हसण्याचा निकाल लागला नाही. मी चौथा फोल्डर केला, ‘दोघींपैकी एक’ नावाचा, आणि तो फोटो त्यात ठेवला. मग लोण्यासारखी झालेली सगळीच बाळं एकेक करून त्यात गेली. अल्बमसाठी वेगळं असं फारसं उरलंच नाही. तिथे मला जरा रडू आलं, ते मी कांद्याच्या वेळेला रडून घेतलं.

बालवर्गासाठी अंगठावाला आणि शिंकेवाला, हे दोनच खात्रीचे होते. ते मी कॉम्प्युटरवर घेतले. माझा हात शिवशिवत होता. अंगठ्याची सावली उतरवता आली असती, शिंकेची कडा थोडी धारदार करता आली असती. नवरा खांद्यावरून बघत म्हणाला, तू, आणि हे असले फोटो पाठवणार? तुझ्या पोटापाण्याचा धंदा आहे हा. मी म्हटलं, जाऊ दे, आणि होते तसेच छापले.

ठिपकीने आपला फोटो हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. मग फ्रॉकचं टोक बोटावर घेऊन भुवईखाली घासायला लागली. जाईना. तिने थुंकी लावली.

“राहू दे गं,” गोटी म्हणाली. “तो तुझा आहे.” मग तिने स्वतःचा फोटो पाहिला आणि तिचा ओठ थरथरायला लागला. “माझा कुठाय?”

तुला नव्हता, असं सांगून पाहिलं. नव्हता म्हणजे काय, ते तिला पटेना. फोटोत लावून दे, तू सगळ्यांचं करतेस, म्हणून भोकाड पसरलं. नवरा कानाशी म्हणाला, लाव ना एक, काय बिघडतं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याला आठवलं काय बिघडतं ते.

शेवटी सकाळी मी लाल स्केचपेन घेतलं आणि फोटो सोडून खुद्द गोटीच्या भुवईखाली ठिपका काढला. मग अर्थातच ठिपकीलाही हवा झाला. ती काही ऐकेना, म्हणाली, माझा आधीचा आहे. दोघी तशाच नाचत बालवर्गात गेल्या. दारातून निघताना नवऱ्याने फोटो काढला.

दुसऱ्या दुपारी, दोघी झोपल्यावर, तो मी उघडला. संध्याकाळच्या अंघोळीत दोन्ही ठिपके वाहून गेले होते. नियमाप्रमाणे पुसायलाच हवे होते. कॉम्प्युटर पुन्हा जागा नाही म्हणून कुरकुरत होता. मी काही पुसलं नाही. उगाच पुढे घोळ नको म्हणून फोटोच्या नावातच लिहून टाकलं: डावीकडे गोटी, उजवीकडे ठिपकी.

मग मनात आलं, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे की त्यांच्या? फोटो बघणाऱ्याला कसं कळणार? खोडून पुन्हा लिहिलं. दाराच्या बाजूला गोटी. पण दार फोटोत आलंच नव्हतं. दोन पायांत दोन वेगळे मोजे घातलेली गोटी, असं लिहिलं, आणि नीट पाहिलं तर वेगळे मोजे दोघींचेही होते.

आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं.

गोटी.