विचानच्या पोटरीतला पेटका

सकाळी काट्यावर विचान बरोबर बावन्न किलो भरला आणि त्याचं सगळं श्रेय ख्रू प्रयून यांनी घेतलं. ख्रू म्हणजे गुरुजी. तीन दिवस त्यांनी विचानला प्लास्टिकचा कोट घालून उन्हात पळवलं होतं. पाणी जेमतेम, मीठ बंद. वजनानंतर भात मिळाला, तोही अळणी. स्नायू मनाचं ऐकतात, असं ख्रूंचं ठाम मत होतं. स्नायूंना कुणी विचारलं नव्हतं.

विचान एकोणतिशीचा. सुरिन गावच्या जत्रेतली ही लाथाबुक्क्यांची लढत हरलास तर तालीम सोडायची, असं ख्रूंनी हसत हसत सांगितलं होतं, आणि हसत सांगितलेलं ते नेमकं खरं करत.

संध्याकाळी सनई सुरू झाली. लढतीआधी दोघांनी रिंगणात गुरुवंदन करायचं असतं. विचान गुडघ्यांवर बसून तीनदा वाकला, आणि तिसऱ्यांदा उठताना उजव्या पोटरीत असा पेटका आला की तो वाकलेलाच राहिला. लोकांना वाटलं, काय ही गुरुभक्ती! टाळ्या पडल्या. ख्रूंनी छाती काढून त्या स्वीकारल्या.

"ख्रू, जरा पाय धरा," विचान दात आवळून म्हणाला.

ख्रू वाकले, लोकांकडे पाहिलं आणि पुन्हा ताठ झाले. गुरूने शिष्याच्या पायाला हात लावायचा, तोही चारचौघांत? त्यांनी मन घट्ट करायला सांगितलं. मन घट्ट झालं, पोटरी त्याहून घट्ट. सनई थांबेपर्यंत उभं राहता आलं नाही तर लढत गेली, आणि विचानला अक्षरशः रडू यायला लागलं.

तेवढ्यात त्याचा प्रतिस्पर्धी सक्दा आपलं वंदन उरकून आला, खाली बसला आणि हातमोज्यांच्या मुठींनी विचानच्या उजव्या पायाचा चवडा नडगीकडे रेटू लागला.

"दादा, स्नायूला फक्त ओढता येतं," तो पुटपुटला. "मागचा ओढून बसलाय. तू पुढच्यानं बोटं वर ओढ, मग तो सोडेल."

विचानने ओढली. पोटरी हळूहळू सैल झाली. तो उभा राहिला, आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून सक्दासमोर पूर्ण वाकला.

"हे वंदन कुणाला?" कोपऱ्यातून ख्रूंचा आवाज आला.

"ज्यानं शिकवलं त्याला."

तालमीतली जागा गेली, हे त्याला कळून चुकलं. घंटा झाली. पहिली लाथ सक्दाने घातली, नेमकी त्याच पोटरीवर.