गोळी सोडायची नाही

या खेपेला धंदा टिकवायचाच, असं सारिकाने मनाशी पक्कं केलं होतं. साड्या विकून झाल्या, डबे विकून झाले; दर वेळी ओळखीच्या बायकांनी एकदा घेतलं आणि पुढे ती दिसली की दार लोटून घेतलं. आता सुगंधी तेलं होती. तिला या धंद्यात आणणाऱ्या हिनाताई आज तिच्यासोबत पिंप्राळ्यात, ताईबाई अक्कांच्या अंगणात आल्या होत्या.

तिथे सकाळपासून उडदाचे पापड लाटणं चाललं होतं. पापडाला वास लागू नये म्हणून शेवटची लाटी संपेपर्यंत सारिकाने बाटली उघडलीच नाही. मग तिळाच्या तेलात पुदिन्याच्या तेलाचे थेंब टाकून तिने अक्कांचा आखडलेला खांदा चोळून दिला. अक्का सुखावल्या.

"हाई तेल लावं तर साखरनी गोळी बंद करी टाकू का?" त्यांनी विचारलं.

हिनाताईंनी सारिकाला कोपराने ढोसलं. अशा वेळी हो म्हणायचं, हे त्यांनी वाटेतच पढवलं होतं. आणि अक्कांनी घेतलं की अंगणातल्या सगळ्याच बायका घेणार होत्या.

"नाही अक्का," सारिका म्हणाली. "गोळी सोडायची नाही. याने अंग मोकळं होतं, वास छान येतो. बस, एवढंच."

हिनाताई आपली पिशवी उचलून तरातरा निघून गेल्या. सारिका मात्र जागची हलली नाही.

अक्कांनी दुसरा खांदा पुढे केला.

"एक बाटली ठेव. आनि पुढला सालले बी ये. तू नही म्हणनी ना, आते तुनी हो बी मी खरी धरसू."