मैनाची आखणी

मैनाचा हात थरथरतो हे हमरापुरात अजून कोणाला ठाऊक नव्हतं, आणि आज ते सगळ्यांना कळणार होतं. रोह्याच्या मंडळाची गणपतीची मोठी मूर्ती सासऱ्यांच्या कारखान्यात रंगून तयार होती. राहिली होती ती डोळ्यांची आखणी, आणि ती यंदा पहिल्यांदाच मैनाकडे आली होती. ती बिघडली की ब्रश दिराच्या, रितेशच्या हातात जाणार आणि मैना जन्मभर पितांबरं रंगवत बसणार.

थरथर जावी म्हणून तिनं ची कुंगचं, म्हणजे श्वासाच्या चिनी व्यायामाचं, पुस्तक धरलं होतं. भावानं आणून दिलेलं. श्वास बेंबीखाली न्या, ऊर्जा हातात उतरेल, तळवे गरम होतील, असं त्यात लिहिलेलं. मैना पहाटे परसात गुडघे सैल सोडून उभी राही. तळवे कसले गरम होतात! गार ते गारच. उलट पोटऱ्या तापत, पाय जड होत. पुस्तकात पायांबद्दल चकार शब्द नव्हता. छापलेलं चुकेल कसं, हा आपल्याकडचा जुना रोग; तिला वाटे, आपलंच चुकतंय.

"बस गो," सासरे काळुराम म्हणाले. "टेम्पो येईल आता."

कारखान्यातले सगळे भोवती जमले. डोळा आखताना स्टुलावर बसून श्वास रोखायचा, ही या घरची रीत. मैनानं श्वास रोखला. काळीज धाडधाड उडायला लागलं, ब्रशचं टोक नाचलं. तिनं घाईनं हात मागे घेतला. मग पुस्तकातलं आठवून तळहाताकडे ध्यान लावलं, तर हात आणखीच कापला.

"वहिनी, मी करू?" रितेशनं हळूच विचारलं.

रीत आणि पुस्तक, दोन्हींनी दगा दिला होता. उरले होते आपले पाय. तिनं स्टूल सरकवलं आणि उभी राहिली.

"उभ्यानं? अगो, काय करतेस?" काळुराम ओरडले.

पोटऱ्या तापेपर्यंत ती थांबली. मग श्वास सोडत सोडत तिनं भार एका पायावरून दुसऱ्यावर नेला आणि हात नुसता सोबत गेला. पापणीची रेघ एका दमात उमटली. बुबुळही बसलं. एक डोळा पुरा झाला.

काळुराम जवळ येऊन बघत राहिले. "हा आपल्या घरचा डोळा नाय."

रितेशनं ब्रशसाठी हात पुढे केला. काळुरामांनी तो अडवला.

"हा हिचा डोळा हाय. याच्या जोडीचा दुसरा तुला जमंल काय?"

रितेशनं डोळ्याकडे नीट पाहिलं आणि हात मागे घेतला.