पितळी कासवाचं दार

तपासनीसाने खिशातून चाकू काढला आणि नर्सबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दिसायला माणूस गरीब गाय. बुटका, चष्मेवाला, बोलणं गोड. पण गोड बोलणाऱ्याच्या हातात सुई द्यावी, चाकू देऊ नये, असं नर्सबाईंचं चाळीस वर्षांच्या नोकरीनंतरचं ठाम मत होतं. ती नोकरी त्यांनी याच घरात केली होती. गावातल्या पहिल्या डॉक्टरीणबाईंचं हे घर. खाली दवाखाना, वर राहणं. येणाऱ्यांना वाचता यायचं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सहा खोल्यांच्या दारांना सहा प्राण्यांच्या आकाराच्या पितळी मुठी ओतून घेतल्या होत्या. डोळे दाखवायचे तर मासा, दात दुखला तर ससा, बाळंतीण असेल तर कासव. 'सून कासवात गेली' म्हटलं की अख्खी गल्ली बातमीची वाट बघत बसायची.

डॉक्टरीणबाई गेल्या, दवाखाना बंद झाला, किल्ल्या नर्सबाईंकडे राहिल्या. आता नगरपालिकेला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत नाव लागलं तर घर वाचणार, नाहीतर बुलडोझर. आणि शिफारस करणार कोण, तर हा बुटका!

तो माशाच्या बुडाशी खरवडत होता. रंगाचा कपचा कागदाच्या पुडीत, पुडी खिशात.

"काय हो, हे कशाला?"

"तपासायला, बाई. काय सुंदर मुठी आहेत! अशा आता कुठे बघायला मिळत नाहीत."

"किंमत काय येईल यांची?" नर्सबाईंनी खडा टाकून पाहिला.

"छे, अमोल आहेत!"

झालं. अमोल म्हणे! सहाही दारं खरवडून, प्रत्येक मुठीवरून हात फिरवून, "गुरुवारी साहेबांना घेऊन येतो," असं सांगून तो गेला. नर्सबाईंना जेवण गोड लागेना. आज कपचा नेला, उद्या मूठ नेईल, आणि हातात सरकारी कागद ठेवून जाईल.

बुधवारी दुपारी, गल्ली डुलक्या काढत असताना, त्यांनी सहाही मुठी उतरवल्या आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या स्टीलच्या मुठी बसवल्या. पितळी मुठी स्क्रूंसकट घरी नेऊन पिठाच्या डब्यात खोल पुरल्या. धाकट्या भावालाही सांगितलं नाही; तो तेव्हा जेवायला गेला होता. तो सुतार, आठ दिवसांपासून त्याच घराच्या जिन्याच्या पायऱ्या बसवत होता, तेही फुकट. पण भाऊ झाला म्हणून काय झालं? पितळ कोणाला नको असतं?

गुरुवारी तपासनीस साहेबांना घेऊन आला आणि दारातच थबकला. "मुठी कुठे गेल्या?"

कसं तोंड पडलं चोराचं! नर्सबाईंना गुदगुल्या झाल्या.

तो साहेबांकडे वळला. "साहेब, शिफारस त्या मुठींवरच लिहिली होती मी. मुठीखालचा रंग आणि दाराचा पहिला रंग एकच निघाला. म्हणजे घर बांधतानाच बसवलेल्या. डॉक्टरची पाटी वाचता न येणाऱ्यांसाठी केलेला असा दवाखाना दुसरा नाही. त्या नसतील तर हे नुसतं जुनं घर."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "इथे काम कोण करतंय?"

सगळ्यांच्या नजरा जिन्याकडे गेल्या. भाऊ पायरीवर उभा होता, हातात स्क्रूड्रायव्हर.

"मी पायऱ्या बसवल्या, साहेब. मुठींना हात नाही लावला. ताईला विचारा."

"पोलिसांना कळवावं लागेल," साहेब म्हणाले.

खरं सांगावं तर चाळीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर. घर जाणार, भाऊ चोर ठरणार, हे दिसत असूनही नर्सबाई गप्प राहिल्या. भाऊ त्यांच्याकडे बघत होता. साहेबांनी फोन काढला, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"मीच काढल्या हो! माझ्या घरी आहेत, पिठात."

त्या धावत गेल्या, धावत आल्या. पदरातून पिठाने पांढरा झालेला मासा, पांढरा ससा, पांढरं कासव, सगळं टेबलावर पडलं. तपासनीस पोट धरून हसला. "माझ्यावर संशय होता होय, बाई?" साहेबांनी टोपण काढलं आणि सही केली. घर वाचलं.

भाऊ मुठी परत बसवायला लागला. हसला मात्र नाही. सहाव्या दाराशी थांबला.

"ताई, कासवाचे दोन स्क्रू कमी आहेत."

नर्सबाईंची नजर त्याच्या खिशाकडे गेली. क्षणभरच, नुसती सवयीने. त्याने ती पाहिली. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. भुसा पडला, पेन्सिलीचा तुकडा पडला. तो निघून गेला.

संध्याकाळी कणीक मळताना बोटांना काहीतरी टोचलं. दोन स्क्रू. नर्सबाईंना ब्रह्मांड आठवलं. जळो ही नजर माझी! पिठाच्या हातांनीच त्या उठल्या आणि भावाच्या कारखान्यात गेल्या. तो रंधा मारत होता.

"सापडले रे. डब्यातच होते. मी मेली..."

त्याने मान वर केली नाही.

"ठेव तिथे," तो म्हणाला. "मोजून ठेव, ताई."