टाचणीएवढी जखम

रंजनानं शर्टाची रिकामी उजवी बाही दुमडून कोपरापर्यंत नेली आणि बांगडीतली सेफ्टी पिन काढली.

"नको लावू," प्रबुद्ध म्हणाला. "लोंबू दे. आज ते बघायलाच तर बोलावलंय सगळ्यांना."

तिनं पिन परत बांगडीत अडकवली आणि शर्टाची बटणं लावायला घेतली. आठ महिन्यांत बटणं लावायची सवय झाली होती. लावताना त्याच्या तोंडाकडं बघायची मात्र झाली नव्हती. ती खालपासून वरपर्यंत एकेका बटणाकडंच बघत गेली, आणि गळ्याशी पोचल्यावर कंगवा आणायचं निमित्त काढून आत गेली.

प्रबुद्ध पोकलेनचा मेकॅनिक. नांदेडहून हैदराबादला आला तेव्हा त्याला पाना कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. वीस वर्षांत तो असा तयार झाला, की बंद पडलेल्या मशीनभोवती एक चक्कर मारून काय बिघडलं ते सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. त्याचा त्याला गर्व होता, आणि तो गर्व उतरवायचं काम घरी रंजनाकडं होतं. "मशीन कळतंय, पण गॅसच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावायला शेजाऱ्याला बोलवावं लागतंय," असं ती चारचौघांत सांगायची. तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता, तिच्या वरणाला तो 'ग्रीस' म्हणायचा. एकमेकांची टर उडवल्याशिवाय त्या घरात पान हलत नसे. अंबरपेठेतल्या त्या दोन खोल्यांत गेले आठ महिने कुणी कुणाची चेष्टा केली नव्हती. जेवणात मीठ नसलं तरी तो मुकाट्यानं जेवत होता.

कुकटपल्लीच्या पुढं कंपनीचं यार्ड होतं. सुरक्षा सप्ताहाचा मांडव घातला होता, आणि यंदा पहिल्यांदाच कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. सुरक्षा अधिकारी कौस्तुभ पुण्याचा, बोलायला गोड, कामाला कडक. त्यानं स्वतः फोन करून सांगितलं होतं, वहिनींनाही आणा. मांडवासमोर एक पोकलेन उभं केलं होतं. त्याचं माती उपसायचं बकेट जमिनीला टेकवलेलं होतं.

कौस्तुभनं ते दाखवूनच सुरुवात केली. दुरुस्तीला हात लावायच्या आधी बकेट खाली टेकवायचं. इंजिन बंद करायचं. बंद केल्यावरही नळ्यांत तेलाचा दाब तुंबलेला असतो, म्हणून सगळे लिव्हर मागेपुढे करून तो सोडायचा. आणि तेल कुठून गळतंय हे शोधायचं ते पुठ्ठा धरून. हातानं कधीच नाही. त्यानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पुठ्ठा' लिहिलं, खाली तेच हिंदीत आणि तेलुगूत लिहिलं, आणि प्रबुद्धला पुढं बोलावलं.

प्रबुद्ध उभा राहिला. रिकामी बाही पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. समोरच्या दोनशे माणसांत तेलुगू होते, बिहारी होते, मराठवाड्याचेही चार-पाच होते, म्हणून तो सगळ्यांना कळेल अशा दखनीत बोलू लागला.

"मैं बीस साल हात सेच ढूंडता था भाई. पाइप पे हात फिराया तो मालूम होजाता था, तेल कहाँ से आरा. उस दिन बी वैसाच करा. इंजन चालू था, हात में ग्लोव्ह था. उंगली को सुई टोची जैसा लगा, बस. खून बी नई निकला."

बारीकशा भोकातून एवढ्या दाबानं आलेलं तेल हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदून आत शिरतं. वरून टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत सगळं नासायला लागतं. काही तासांत हात चिरून आतून साफ केला नाही, तर खेळ संपला. प्रबुद्धनं हे सगळं नीट समजावून सांगितलं. मग म्हणाला,

"फिर मैं घर गया. खाना खाया, सो गया. घर में किसी को बताया बी नई. वही गलती हुई."

बायकांच्या रांगेत बसलेल्या रंजनानं मान वर केली.

त्यानं सांगितलं होतं. दारातूनच बोट पुढं करून म्हणाला होता, "अगं, हे बघ, तेल शिरल्यासारखं वाटतंय. जाऊन येऊ का दवाखान्यात?" तिनं बोट धरून उजेडात नेलं, ठिपका शोधून काढला आणि खो खो हसली. "एवढासा टोचा! पोकलेनखाली आडवा होणारा माणूस टाचणीला भ्याला! डॉक्टर हसेल हो तुम्हाला." मग तोही हसला आणि चप्पल काढून बसला. जेवणं होईपर्यंत बोट सुजलं. तिनं तवा तापवला, फडक्याची घडी केली आणि तासभर बोटाला, तळव्याला शेक दिला. अगदी मायेनं दिला. बरं वाटतंय का विचारलं, तर तो हो म्हणाला होता. पहाटे हात कोपरापर्यंत फुगला होता आणि बोट काळंनिळं पडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याबाहेर घेऊन विचारलं होतं, घरी शेक वगैरे दिला होता का? त्यांचा चेहरा बघून रंजनाच्या तोंडून निघून गेलं, "नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या होत्या. "ऊब दिली असती तर आणखी बिघडलं असतं."

त्या 'बरं झालं'वर ती आठ महिने जगत होती. जगत होती म्हणजे काय, रोज मरत होती. शंभर वेळा ओठांवर आलं आणि शंभर वेळा तिनं ते गिळलं. त्याच्या उरलेल्या हाताकडं बघून हे कसं सांगायचं, ते तिला कळत नव्हतं. आणि आज तो सगळ्यांसमोर खोटं बोलत होता. म्हणजे त्याला सगळं आठवत होतं, आणि तो तिला पाठीशी घालत होता.

बोलणं संपल्यावर कौस्तुभनं विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. रंजनाच्या पुढच्याच रांगेतून कडेवर लेकरू घेतलेली एक तेलुगू बाई उठली. तिचा नवरा यार्डात नवाच लागला होता.

"अन्ना, घर पे ऐसा सूज के आया तो सेंकना क्या?"

प्रबुद्धनं रंजनाकडं पाहिलं नाही.

"घर पे कुछ नक्को करो अम्मा. सीधा दवाखाना लेके जाव," तो म्हणाला.

बाई खाली बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. शेजारणीला ती हळूच म्हणाली, जाईपर्यंत थोडा शेक दिला तर काय बिघडतंय, माझी सासू तर सगळ्याला शेकच देते. शेजारणीनं मान डोलावली. रंजनानं ते ऐकलं, आणि बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेलं लेकरू पाहिलं. आपण कधी उभ्या राहिलो ते तिला समजलंच नाही.

"सेंकना नई," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "बिल्कुल नई सेंकना. मैं सेंकी थी. एक घंटा सेंकी. ये दवाखाना जाता बोले, तो मैं हँस के बिठाई इनको. डॉक्टर पूछे तो झूट बोली. तुम लोगां ऐसा नक्को करो."

कौस्तुभ फळ्याकडं वळला आणि 'पुठ्ठा'च्या खाली तीन भाषांत लिहू लागला, घरी शेक देऊ नका. लिहिताना त्याचा खडू मोडला. तेलुगू बाईनं येऊन रंजनाचे दोन्ही हात धरले. रंजना रडत होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिला ऊर भरून श्वास घेता येत होता. आता तो येईल, काहीतरी बोलेल, रागावेल तरी, असं वाटून तिनं वर पाहिलं. प्रबुद्ध खुर्चीत बसून जमिनीला टेकलेल्या बकेटकडं बघत होता.

परत येताना मेट्रोच्या फलाटावर दोघं बाकावर बसली. गाडीला चार मिनिटं होती.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"नाही."

"तुम्हाला आठवत होतं सगळं."

"आठवायचं काय त्यात? पडद्याच्या अलीकडंच तर होतो मी. तू नाही म्हणालीस ते ऐकलं." तो रुळांकडं बघत बोलत होता. "तू बाहेर गेल्यावर मीच सांगितलं डॉक्टरीणबाईला, शेक दिला होता म्हणून. ती म्हणाली, शेक वाईटच, पण हात जातोय तो उशीर झाला म्हणून. आणि उशीर माझा. मला माहीत होतं तेल शिरलंय ते. लहान पोर नव्हतो मी, तू हसलीस म्हणून बसायला."

आठ महिने. रोजची भाकरी, रोजची बटणं, रोजची रात्र.

"मग मला का नाही सांगितलं?" ती कशीबशी म्हणाली.

"तू मला सांगशील म्हणून थांबलो होतो." त्यानं डाव्या हातानं रिकामी बाही गोळा करून मांडीवर घेतली. "रोज वाटायचं, आज सांगेल. जेवताना सांगेल, बटणं लावताना सांगेल. तू सांगितलंस की मी म्हणणार होतो, सोड गं, तुझं काही नाही त्यात. एवढंच बोलायचं होतं मला. तयार ठेवलं होतं."

"मग आता सांगते ना," ती म्हणाली. "आता ऐका माझं."

"आता काय सांगणार? फळ्यावर लिहिलंय ते. तीन भाषांत."

तो रागानं बोलला नव्हता. रागानं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

गाडी आली. दारं उघडली, तसा तो उठला आणि आत गेला. रंजना त्याच्या पाठोपाठ चढली. ती चढली की नाही, हे बघायला तो वळला नाही.