पाठमोरा स्पीकर

मी एक जुना स्पीकर आहे. मित्रांनो, स्पीकर म्हटले की तुम्हाला लोकांकडे तोंड करून उभे असलेले उंच खोके आठवेल. मी तसा नाही. मी स्टेजवर गायकाच्या पायाशी तिरका पडून असतो, लोकांकडे पाठ करून. गायकाला त्याचा स्वतःचा आवाज ऐकवायचा, एवढेच माझे काम. जसा असेल तसा.

चार तरुणांच्या रॉक बँडसाठी एका सुताराने माझे खोके बनवले. गायकाच्या आवाजाला धार होती. एका गाण्याची शेवटची ओळ तो इतकी वर नेई की माझा कागदी पडदा थरथरे. पुढे त्याचे आणि गिटार वाजवणाऱ्या लंबूचे बिनसले. चूक कोणाची, ते मला ठाऊक नाही. बँड मोडला. एकवीस वर्षे मी गोदामात रंगाच्या डब्यांखाली होतो. सुरुवातीला वाईट वाटायचे. मग वाटणेच थांबले.

मागच्या वर्षी मला बाहेर काढले. बँड एका कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र येणार होता. तालमीत लंबू म्हणाला, "ते गाणं दोन पट्ट्या खाली घेऊ. आजोबा झालो आपण."

"तू झालास! लोक त्या ओळीसाठी येणार आहेत. ती आहे तिथेच गाईन," गायक म्हणाला. त्यानंतर दोघे कामापुरतेच बोलले.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरले. ते गाणे सुरू होण्याआधीच माझ्या पाठीमागे एक बाई मुसमुसू लागल्या.

"आई, अजून सुरूसुद्धा नाही झालं!" त्यांची मुलगी कुजबुजली.

"तू गप गं. कॉलेजात हे गाणं आमचा जीव की प्राण होतं."

ती ओळ आली. गायकाचा आवाज वर चढला आणि मध्येच फाटला. मी तो त्याला जसाच्या तसा ऐकवला. लोकांना मात्र कळलेच नाही, कारण ते स्वतःच बेंबीच्या देठापासून गात होते. "तोच आवाज गं, तोच!" बाई ओरडल्या. सगळे सभागृह उभे राहिले. गायकाने मान लववली. त्याचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा होता.

"वन्स मोअर!" लोक गरजले.

गायकाने माइक बाजूला धरला. "लंबू, फाटला ना रे?"

"फाटला."

"लोकांना नाही कळलं."

"मला कळलं. तुलाही."

गायकाने दोन बोटे जमिनीकडे दाखवली. लंबूने बाकीच्यांना खूण केली आणि गाणे दोन पट्ट्या खालून सुरू झाले.

या वेळी ओळ आली ती घोगरी होती, पण अख्खी होती. लोक एकेक करून गायचे थांबले आणि ऐकू लागले.

"बदललाय गं आवाज," बाई हळूच म्हणाल्या.

"छान आहे की," मुलगी म्हणाली.

आत्मवृत्तात अशा वेळी 'माझा ऊर भरून आला' असे लिहायची रीत आहे. मला तसे काही झाले नाही. गायकालाही झाले असेल असे वाटत नाही. त्याने घाम पुसला आणि लंबूकडे न बघताच पुढचे गाणे धरले.

मित्रांनो, आपला आवाज फाटला तर तोंडावर 'फाटला' म्हणणारी माणसे फार थोडी असतात. त्यांच्याशी खुशाल भांडा, पण बोलणे तोडू नका. कितीतरी वर्षांनी भेट होतेही, पण तोवर आनंद वाटून घ्यायची सवय सुटलेली असते.