पत्त्यासकट आठवण

रुमेनियात बुखारेस्तच्या संसदेनं कायदा केला. दर ऑक्टोबरात स्मरणदिन पाळला जात होताच; आता ज्यूंचा इतिहास, त्यांच्या संहारासकट, शाळेत सक्तीनं शिकवायचा. वर्झारका गावच्या शाळेत हा विषय स्मारांदा होस्त्युक बाईंच्या वाट्याला आला. कारण एवढंच, की बुधवारी त्यांचा एक तास मोकळा होता.

गावात ज्यू एकच उरला होता. शाया रोझ्नेर, गुरांचे डॉक्टर, वय नव्वदीकडे झुकलेलं. त्यामुळं स्मरणदिनी त्यांची ओढाताण व्हायची. नगरपालिकेला ते हवे, वाचनालयाला हवे, अग्निशामक दलालाही हवे. एकाच सुटात ते सगळीकडे पुष्पचक्राशेजारी उभे राहायचे आणि फोटो निघायचा.

बाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते अंगणात आलुबुखार निवडत बसले होते.

"नको बाई," ते म्हणाले. "दरवर्षी जिवंतपणीच माझे दिवस घालतात, आणि वर भाषणही मलाच करायला लावतात."

"भाषण नकोय, डॉक्टर. मुलांना काही ठाऊकच नाही. एकानं चाचणीच्या पेपरात लिहिलंय, ज्यू जर्मनीत राहायचे आणि सगळ्या बँका त्यांच्या होत्या."

"कोणाचा हा?"

"जाऊ द्या ना."

"जाऊ द्या. याच्या घरची एखादी अडलेली गाय मीच सोडवली असणार." त्यांनी एक किडकं फळ बाजूला टाकलं. "वर्गात नको. त्यांना रस्त्यावर आणा."

बुधवारी वर्ग गावच्या मुख्य रस्त्यावर निघाला. डॉक्टर काठी टेकत पुढं, मुलं मागं. ते प्रत्येक दारापाशी थांबत.

"इथं झाल्मान सुतार. त्याची एक खुर्ची धड उभी राहत नसे. इथं रिफ्का, पहिल्या नंबरची भांडखोर. समोरच्या पाद्रीबाबांशी तिचं कोंबड्यांवरून वाजायचं."

"आणि बँक?" मागून एका पोरानं विचारलं.

"ती कोपऱ्यावर होती. तिथं एकच ज्यू होता, लाइब. फरशी पुसायचा."

मुलं हसली. तेवढ्यात इलिंका नावाची मुलगी थबकली. "डॉक्टर, हे आमचं घर."

"हो. बुसमान शिंप्याचं."

"ते कुठं गेले?"

"आपण सगळे एकत्रच गेलो. म्हणजे आम्ही. एक्केचाळीसच्या ऑक्टोबरात, रेल्वेच्या गुरांच्या डब्यातून, द्निएस्टर नदीपलीकडच्या छावण्यांत. त्यांची मुलगी त्सिपा माझ्याच वयाची, पाच वर्षांची. ती पहिल्याच हिवाळ्यात गेली. तिचे बूट मग मला दिले. मोठे होत होते." ते पुढच्या दाराकडं वळले. "इथं पाववाला."

पुढं कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर बातमी झाली, की रोझ्नेर घरं मोजत फिरतोय आणि मागाहून वकील येणार आहेत. संध्याकाळी मुख्याध्यापक लुंगोच यांनी पालकांना बोलावलं. डॉक्टरही आले, बाईंनी आणलं म्हणून.

इलिंकाचे वडील वियोरेल उभे राहिले. त्यांचं खिळे-पत्र्याचं दुकान होतं. "कायद्यात आठवण करा म्हटलंय," ते म्हणाले. "पत्त्यासकट करा असं कुठं म्हटलंय?"

"वियोरेल, तुझं घर मला नको," डॉक्टर म्हणाले. "त्याला ओल येते."

वियोरेल जरा पुढं वाकले. मग हळूच म्हणाले, "कुठल्या भिंतीला?"

"विहिरीकडच्या. बुसमाननंही दोनदा फोडून बांधली होती. काही उपयोग नाही, खालून पाणी आहे."

"मी तीनदा," वियोरेल म्हणाले आणि खाली बसले.

लुंगोच यांनी घसा खाकरला. पुढच्या वर्षीपासून धडा सभागृहातच होईल, असं त्यांनी जाहीर केलं. एखादा माहितीपट लावू, शक्यतो दूरच्या देशाचा, म्हणजे कुणाची मनं दुखावणार नाहीत.

"चालेल, सर," स्मारांदा बाई म्हणाल्या. "तेवढं लेखी द्या. आपल्या रस्त्याचं नाव धड्यात घ्यायचं नाही, असं. मी शिक्षण खात्याकडं पाठवते."

लुंगोच यांनी लेखी काहीच दिलं नाही. ते कधीच देत नसत. दोन महिने त्यांनी बाईंशी फक्त घंटेच्या वेळांबद्दलच बोलणं ठेवलं. बाईंना त्याचं वाईट वाटलं, पण कामं लवकर उरकू लागली.

पुढच्या ऑक्टोबरात वर्ग पुन्हा रस्त्यावर आला. या खेपेस लुंगोचही आले, कारण खात्याला फोटो हवे होते. दारादारांत माणसं उभी होती. कुणी टोपी काढली, कुणी पडदा ओढून घेतला. पाववाल्याच्या दारापाशी डॉक्टर सांगू लागले, की तो डाव्या पायानं लंगडायचा.

"उजव्या," आतून आवाज आला. सँडा आजी कुबडी घेऊन बाहेर आल्या. "मी रोज पाव आणायला जायचे. उजव्या."

"सँडा, तो माझा मामा होता."

"मामा असेल. पाय उजवाच."

दोघांचं तिथंच जुंपलं. मुलं पायरीवर बसली. लुंगोच यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि बाईंना विचारलं, की हे धड्यात धरायचं का.

"धरायचं, सर," बाई म्हणाल्या.